इंदुरात चांगल्या नूडल्स कुठे खायच्या? (सराफा, छप्पन आणि त्यापलीकडे)

मालवामाई:

मंडळी, अकरा वर्षं कोलकात्यात काढून आम्ही जूनमध्ये इंदूरला परत आलो. माहेर तिलक नगरचं, त्यामुळे पोहे-जिलबी, कचोरी, खोपरा पॅटिस कुठे खायचं हे मला कुणाला विचारावं लागत नाही. गाडी अडलीय ती नूडल्सपाशी. मुलगा तेरा वर्षांचा आहे. तिकडे त्याला शाळेतून येताना गाडीवरचं चाऊमिन खायची सवय. वर कच्चा कांदा, काकडीच्या चकत्या आणि मिरपूड. वर्षातून दोन-तीनदा रविवारी पहाटे आम्ही टिरेट्टा बाजारात जायचो, तिथे चिनी कुटुंबं फुटपाथवर टेबल मांडून नाश्ता विकतात. कधी टांग्रात जेवायचो. ते मूळचं चिनी हक्का लोकांच्या चामड्याच्या कारखान्यांचं गाव. 'हक्का' हे त्या समाजाचं नाव आहे, नूडल्सच्या जातीचं नव्हे, हेही मला तिथेच कळलं.

इथे आल्यावर दोन ठिकाणी खाऊन पाहिलं. एके ठिकाणी नूडल्स सकाळीच उकडून पिशवीत कोंबून ठेवलेल्या. संध्याकाळी त्यांना आंबूस वास येत होता, तरी भुकेपोटी खाल्ल्या आणि पोराचं पोट दोन दिवस बिघडलं. दुसरीकडे सगळ्याला टोमॅटो सॉसची गोड चव. म्हणून धागा काढला. हॉटेलं नकोत, गाडी किंवा टपरीच सांगा. आणि नुसतं नाव सांगू नका, तिथे काय चांगलं आणि का, तेही लिहा.

भंवरकुआँवाला:

ताई, मी धारचा, चार वर्षं इथे क्लासला आहे. आमच्या भंवरकुआँ भागात कोचिंगमुळे पाच-दहा पावलांवर चाऊमिनची गाडी. महिन्याच्या शेवटी आम्हा पोरांचं रात्रीचं जेवण तेच असतं, त्यामुळे थोडा अनुभव आहे.

नावं सांगून उपयोग नाही, गाडी तीच राहते आणि हात बदलतो. मी वेळ पाहतो. क्लास सुटायच्या वेळेला, सात ते साडेआठ, जिथे पोरं रांगेत उभी असतात तिथला माल शिळा राहूच शकत नाही. दुपारी चारला रिकाम्या गाडीवर कधीच नाही. दुसरं, बाजूला उकळतं पातेलं आहे का ते बघा. असेल तर तो लागेल तसं उकडतो. आणि अंडं हवं असेल तर आधी विचारा. इथे बऱ्याच गाड्या शुद्ध शाकाहारी आहेत, अंड्याच्या गाड्या वेगळ्या उभ्या राहतात. 'जैन' म्हटलं की कांदा-लसूण न घालता नुसती पत्ताकोबी आणि शिमला मिरची घालून देतात, आणि हात चांगला असला तर तेही छान लागतं.

रामबागी:

मालवामाई, राग मानू नका, पण इंदूरला येऊन नूडल्स शोधायच्या? थंडी पडली आहे, गराडू सुरू झाले आहेत. मुलाला आधी सराफ्यात न्या.

सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की साडेआठ-नऊनंतर त्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. राजवाड्याच्या मागेच आहे, पण गाडी लांब लावा आणि चालत या. सुरुवात भुट्टे का कीसनं करा. कोवळा मका किसून, तुपावर जिरं-हिंग-मिरचीची फोडणी देऊन तो दुधात आटवतात, वरून खोबरं आणि लिंबू. दोन चमच्यांत पोट निवतं. मग गराडू. कंद तळून, गरम असतानाच लिंबू आणि जिरावण, म्हणजे आपली इंदुरी मसाल्याची पूड. जिरावण हाताला लागेल इतकं मागा. दहीबडा जोशींकडेच. द्रोण हवेत उडवून झेलतात म्हणून लोक बघायला जातात, पण मला खरं कौतुक वाटतं ते एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले धरून एकेक करून सोडण्याचं. साबुदाण्याची खिचडी इथे फराळी मिक्श्चर घालून देतात, ती आपल्या घरच्या खिचडीहून फार वेगळी आहे, तुलना करू नका. शेवटी शिकंजी. लिंबाची समजू नका, आपली शिकंजी आटवलेल्या दुधाची.

सराफ्यात गेल्या काही वर्षांत चायनीज आणि मोमोजच्या गाड्या वाढल्या, त्याबद्दल जुन्या दुकानदारांनी आणि सराफांनी आवाज उठवला. मी त्यांच्या बाजूनं आहे. जागा चार हातांची. तिथे एक मोमोजवाला उभा राहिला की एक कीसवाला मागे सरकतो. नूडल्स कुठल्याही शहरात मिळतात, कीस नाही मिळत.

उसळपोहे:

रामबागी भाऊ, सराफा सराफ्यासारखा राहावा हे तुमचं म्हणणं पटतं. पण नूडल्सना 'बाहेरचं' ठरवताना जरा जपू. भुट्टा अमेरिका खंडातून आला. साबुदाणा ज्या टॅपिओकाचा होतो तो कंदही तिकडचाच. उलट व्हेज मंचुरियन ज्याच्यावरून आलं ते मंचुरियन मुंबईचं. नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये तिथल्या क्रिकेट क्लबात ते पहिल्यांदा केलं असं मानतात. वाँग कोलकात्यात जन्मलेले. म्हणजे मालवामाईंचा लेक वाढला ते आणि तो पदार्थ करणाऱ्याचं गाव एकच.

आपल्या राजवाड्याजवळचे उसळ-पोहेच घ्या. वाफेवर ठेवलेले पोहे मालव्याचे, वर वाढलेली झणझणीत उसळ आपल्या लोकांनी आणलेली, आणि शेव, जिरावण, बडीशेप इंदूरची. होळकरांबरोबर आलेल्या मराठी घरांनी इथलं शिकलं, इथल्यांनी त्यांचं घेतलं. मला ती प्लेट फार प्रिय आहे.

मालवामाई, छप्पन दुकान या खाऊगल्लीत जाऊन बघा. तिथे दुकानं पक्की, हात धुवायची सोय, ओला-सुका कचरा वेगळा. मुलाचं पोट बिघडून गेलंय तर सुरुवात तिथून करणं बरं.

कढईकाका:

मी पाटणीपुऱ्यात सोळा वर्षं चायनीजची गाडी लावली. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून चार वर्षांपूर्वी बंद केली. हा धागा पुतण्यानं दाखवला. ताईंनी 'का' विचारलंय, त्याचं उत्तर देतो.

पहिली गोष्ट उकडणं. पाणी भरपूर आणि खळखळ उकळतं हवं, त्यात मीठ आणि थोडं तेल. नूडल्स पुऱ्या शिजवायच्या नाहीत. एक तार दाताखाली धरली की मधे अगदी बारीक कच्ची कणी लागली पाहिजे. लगेच गाळायच्या आणि गार पाण्याखाली धरायच्या, नाहीतर आतल्या वाफेनं शिजतच राहतात. मग तेलाचा हात फिरवून ताटात मोकळ्या पसरायच्या. पिशवीत कधीच नाही. पिशवीत त्यांना घाम सुटतो आणि त्या घामानेच आंबतात. ताईंच्या मुलाला जे झालं ते त्यानंच झालं असणार. मी उकडलेला माल तीन तासांवर ठेवत नव्हतो. उरला तर टाकून द्यायचो, बायको हळहळायची.

दुसरी गोष्ट आच. घरच्या शेगडीवर ती चव येत नाही याचं कारण मसाल्यात नाही, भट्टीत आहे. कढई धुरावली पाहिजे, मग तेल, मग लसूण. भाज्या अर्ध्या मिनिटाच्या वर नाहीत, पत्ताकोबी दाताखाली वाजली पाहिजे. नूडल्स टाकल्या की झाऱ्यानं ढवळायचं नाही, उचलायचं आणि सोडायचं. तार तुटली की लगदा होतो. सोया सॉस नूडल्सवर ओतू नका, कढईच्या कडेला वरच्या बाजूनं सोडा. तापलेल्या लोखंडावर तो चर्रकन जळत खाली येतो आणि त्याचा खमंगपणा सगळ्या प्लेटला लागतो. व्हिनेगर सगळ्यात शेवटी, आच बंद करून. आधी टाकलं तर उडून जातं.

गाडी निवडताना आवाज ऐका. चांगल्या गाडीवर कढईचा आवाज सतत चर्र-चर्र असतो. जिथे नुसता खदखद आवाज येतो तिथे कढईत माल जास्त झालाय आणि तो भाजला न जाता शिजतोय. एका वेळी दोन प्लेटवर तिसरी टाकणारा घाईत आहे, तिथे उभे राहू नका.

अजिनोमोटोबद्दल लोक विचारतात. जपानचे इकेडा म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९०८ मध्ये समुद्री वनस्पतीच्या काढ्यातून ती चव वेगळी काढली. मी चिमूटभर वापरायचो आणि नको म्हणणाऱ्याला घालत नव्हतो. पण मूठभर घालणारा माणूस बाकीचं काहीतरी लपवतोय हे नक्की.

राजवाडा_रोजचा:

काका, नुसतं वाचून तोंडाला पाणी सुटलं. सोया कढईच्या कडेला, हे आजच करून पाहतो. वाचनखूण साठवली.

मालवामाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत आम्ही सहा ठिकाणी खाल्लं. वही घेऊनच गेलो होतो.

छप्पनला स्वच्छता उत्तम, नूडल्स ठीक. मुलाला तिथलं हॉट डॉग जास्त आवडलं, मला खोपरा पॅटिस. सराफ्यात रामबागीदादांच्या क्रमानं गेलो. कीसची वाटी त्यानं चाटूनपुसून संपवली, गराडू दोनदा मागितले. दहीबडा हवेत उडाला तेव्हा टाळ्या वाजवल्या. दादा, तुमचं म्हणणं मला तिथे उभं राहून पटलं. त्या गर्दीत एक मोठी चायनीजची गाडी खरंच खूप जागा खाते.

पण नूडल्स मिळाल्या त्या भंवरकुआँला. संध्याकाळी पावणेआठ, रांगेत आमच्यापुढे नऊ पोरं. बाजूला उकळतं पातेलं, ताटात पसरलेल्या नूडल्स, आणि कढईचा आवाज काकांनी सांगितला तसा. पोरगा कढईजवळ जाऊन उभा राहिला. गाडीवरच्या माणसानं मूठभर नूडल्स हातभर वर उचलल्या, क्षणभर धरल्या आणि सोडल्या. सोयाची धार कढईच्या कडेवरून खाली आली, धूर झाला, आणि मुलगा म्हणाला, "आई, वास तोच आहे." आम्ही मिरपूड मागितली. त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी जिरावण भुरभुरलं. कोलकात्यात हे कुणी करणार नाही, पण आमच्या दोघांच्या मते ते मिरपुडीहून छान लागतं. आता घरीही तेच घालतो.

राजेंद्रनगरची_आजी:

मालवामाई, अगं तुझा धागा माझ्या सुनेनं वाचून दाखवला. मी सांगते आणि ती टाइप करते आहे.

सगळे नूडल्स नूडल्स म्हणताय, पण आपल्या घरात त्या कायम होत्या की. सोऱ्यातून पडते ती तारच ना? शेव ही बेसनाची तार, फालुद्यातली शेव ही पिठाच्या सत्त्वाची तार आणि कुरडई ही गव्हाच्या चिकाची. रतलामच्या शेवेबद्दल तर असंच सांगतात की मोगलांना शेवया हव्या होत्या, तिथे गहू नव्हता, म्हणून भिल्लांनी त्या बेसनाच्या करून दिल्या. मला ही गोष्ट माझ्या सासऱ्यांनी सांगितली होती.

कुरडईचं सांगते, कारण आता कुणी करत नाही. चैत्राच्या आधी, ऊन तापायला लागलं की गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढायचा. रात्रभर ठेवला की खाली पांढरा चीक बसतो आणि वर पाणी येतं, ते अलगद ओतून टाकायचं. जेवढा चीक तेवढंच पाणी उकळत ठेवायचं, त्यात मीठ-हिंग, आणि एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं ढवळायचं. हे एकटीचं काम नाही. थांबलं की गाठी झाल्याच. चीक काचेसारखा चमकायला लागला की शिजला. तो वाटीभर, दूधसाखर घालून पोरांना द्यायचा. आमच्या वाड्यात पोरं सकाळपासून त्याच्यासाठी घोटाळायची. मग गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर घालायच्या. गार झाला की सोऱ्या फिरतच नाही. आमच्या जाऊबाईंच्या तळहाताला घट्टे होते. उरलेला चोथाही टाकायचा नाही, त्याच्या भुसवड्या.

तळून सगळेच खातात. तू भाजी कर. कुरडया मोडून दहा मिनिटं गरम पाण्यात ठेव, मऊ झाल्या की चाळणीत निथळ. तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची, भरपूर उभा कांदा. कांदा गुलाबी झाला की कुरडई टाक, हळद नको, मीठ बघून, त्यात आधीच असतं. आणि ते काका म्हणाले तसंच, ढवळू नको, उचल आणि सोड. हे मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी याच शब्दांत सांगितलं होतं.

कढईकाका:

आजी, नमस्कार करतो. सोळा वर्षं मी हे मला सुचलंय असं समजत होतो.

गहूवाला:

आजींच्या प्रतिसादाला जोड देतो. घरची शेती सांवेर भागात. ज्या गव्हाच्या शेवया आणि बाट्या चांगल्या होतात तो मालव्याचा कडक, पिवळसर दाण्याचा गहू, त्याला आमच्याकडे कठिया म्हणतात. महाराष्ट्रात बन्सी म्हणतात तो याच जातकुळीचा. इटलीत पास्ता याच प्रकारच्या गव्हाचा करतात. त्याचा दाणा इतका कडक की दळल्यावर पीठ कमी आणि रवा जास्त पडतो, शिवाय त्यात प्रथिनं जास्त, म्हणून तार उकळत्या पाण्यातही सहसा तुटत नाही. इंदूरला गव्हाचं सरकारी संशोधन केंद्र आहे, तिथून या प्रकारचे बरेच वाण निघाले. आम्ही पूसा तेजस लावतो.

आणि चिनी पिवळ्या नूडल्सना जो रंग आणि चिवटपणा येतो तो पिठात घातलेल्या क्षारामुळे. आपल्याकडे पापडात पापडखार घालतात, काम तेच. मैद्याऐवजी आपला कठिया आणि चिमूटभर पापडखार घेऊन कुणी हातानं नूडल्स करून पाहिल्या आहेत का? मला फार उत्सुकता आहे. करणार असाल तर पाच किलो गहू मी आणून देईन, पैसे नकोत.

रामबागी:

आजी, माझ्या आईच्या सोऱ्याची कुरडईची चकती हरवली आहे. बर्तन बाजारात दोन दुकानांत विचारलं, शेवेची मिळते, ही नाही. आणि मालवामाई, नूडल्सबद्दल जरा तोडून बोललो होतो. तुमचा भंवरकुआँचा वृत्तांत वाचून परवा पहिल्यांदाच तिकडे गेलो. जिरावण घालूनच खाल्लं.

मालवामाई:

आज कुरडईची भाजी केली. कुरडया मावशीकडून आणल्या, गेल्या उन्हाळ्यातल्या. कढई धुरावेपर्यंत तापवली, लसूण आजींच्या यादीत नव्हता पण चार पाकळ्या टाकल्या. पहिल्या घाण्यात कुरडई जास्त भिजली, गोळा झाला. दुसऱ्यात सात मिनिटांवरच काढली. तार मोकळी राहिली, दाताखाली किंचित चिवट, कडेला थोडी करपलेली. सोया सॉस घालायचा मोह झाला, नाही घातला. शेवटी लिंबू पिळलं.

मुलानं तीनदा घेतली. मग विचारलं, "ही चिनी का आपली?" मी सांगितलं गव्हाची, सोऱ्यातली, आणि ती कशी करतात ते. तीन दिवस भिजवण्याचं ऐकून त्याचा विश्वास बसेना.

आजी, मार्चमध्ये तुम्ही घालणार असाल तर आम्ही दोघं येऊ का? त्याला चीक खायचाय, मला ढवळायला शिकायचंय. गहूवालेदादा, पाच किलो तेव्हाच घेते, आत्ता ठेवायला जागा नाही.

राजेंद्रनगरची_आजी:

या की. गुरुवारी गहू भिजत घालू, म्हणजे रविवारी वाटून पिळता येईल, रात्रभर चीक बसेल आणि सोमवारी पहाटे घालायच्या. पोराची शाळा असेल तर तेवढ्यापुरती बुडव. रामबागीला सांगा, माझ्याकडे दोन चकत्या आहेत, एक घेऊन जा. काकांनाही आणा. गुडघे दुखत असतील तर त्यांना खुर्ची देऊ, त्यांनी नुसतं बसून चीक शिजला का ते सांगायचं.